चपट्या तोंडाची काडतुसं

ऑर्व्हल स्टॅम्पर गिऱ्हाइकाला आधी हात मागायचा. काडतुसांचा खोका नंतर काढायचा.

मॅगर्डच्या हार्डवेअर दुकानात, मागच्या काउंटरवर, तो अकरा वर्षं उभा होता. त्याआधी सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत. छपराला बोल्ट मारून मारून त्याच्या बोटांची संवेदना अर्धी गेली होती, म्हणूनच की काय, दुसऱ्याच्या हाताची त्याला फार काळजी. अंगठ्याखालचा गादीसारखा भाग दाबून बघायचा, मनगट वळवायचा, आणि मगच फळीकडे वळायचा. गावातले तरुण त्याला ज्योतिषी म्हणत. तो म्हणायचा, "भविष्य नाही सांगत बाबा. उद्या कुठं दुखेल तेवढं सांगतो."

एका गुरुवारी नीव्हा कॉम्ब्स आली. एकाहत्तर वर्षांची, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, घळीच्या पार टोकाला एकटी राहणारी. तिनं हात पुढे केला तर तळवा निळा पडलेला.

मुलानं, कर्टिसनं, तिला वाढदिवसाला रिव्हॉल्वर दिलं होतं. बीन्सच्या डब्यापेक्षाही हलकं, पाच गोळ्यांचं. भटकी कुत्री खुराड्यात शिरत होती आणि शेरिफचा माणूस वर पोचायला पाऊण तास लागायचा. सोबत काडतुसंही दिली होती, दुकानात मिळतील तितकी जोरदार. म्हाताऱ्या बाईला जोर कमी, तर काडतुसात तरी असावा, हा आमच्या डोंगरातला हिशेब. चुकीचा, पण प्रेमाचा. आणि कर्टिसनं अट घातली होती. महिनाअखेरच्या रविवारी सात पावलांवरून पाचांतल्या चार गोळ्या कागदी ताटलीत लागल्या पाहिजेत. नाहीतर घर बंद करायचं आणि लेक्सिंग्टन शहरात त्याच्याकडे राहायला जायचं.

"एकही लागत नाही," नीव्हा म्हणाली. "म्हातारी झाले मी, ऑर्व्हल. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात."

ऑर्व्हलनं तिचा तळवा दाबला. ती कळवळली.

"हाताला कळलंय पुढं काय होणार, म्हणून डोळे मिटतात. बंदूक जेवढी हलकी तेवढा दणका भारी. ह्यात वयाचा काय संबंध?"

दुकानामागं मातीचा बांध होता. तिथं त्यानं तिला तीन प्रकारची काडतुसं मारायला दिली. पहिली दोन तिनं एकेकदाच मारली. तिसरं काडतूस तिनं उलटसुलट करून पाहिलं. गोळीचं टोक बाहेर दिसतच नव्हतं. चपट्या तोंडाची गोळी नळकांड्याच्या काठाशी सपाट बसलेली.

"ह्यात गोळी कुठंय? बसवायला विसरले का?"

"आहे आत. तुझ्यासारखीच, घर सोडत नाही."

नीव्हा हसली आणि तिनं चाप ओढला. धक्का बेताचा बसला. डोळे उघडेच राहिले.

त्यानं खोडही सांगितली. चपटं तोंड रिव्हॉल्वरच्या चक्रातल्या भोकात पटकन शिरत नाही, घाईत पुन्हा भरता यायची नाहीत. ती म्हणाली, पाचांत भागलं नाही तर मी पळेन, पाय अजून चांगले आहेत.

मग दर गुरुवारी ती यायची. पन्नासांचा खोका न घेता सुटी पाच काडतुसं मागायची. तसं सुटं कुणी विकत नाही. ऑर्व्हल तिच्यासाठी एक खोका उघडा ठेवू लागला. ती येताना काकवी लावलेली बिस्किटं आणायची. चार गुरुवार असे गेले. त्या रविवारनंतरच्या पाचव्याचा विचार ऑर्व्हलनं मुद्दाम केला नाही.

रविवारी चर्चनंतर, कर्टिस आल्यावर, तिघं तिच्या घरामागं उभे राहिले. दरडीपाशी खुंटाला ताटली ठोकलेली. ऑर्व्हलच्या कोटाच्या खिशात एक अख्खा नवा खोका होता. ती गेली तर निरोपाची भेट, राहिली तर वर्षभराची सोय.

कर्टिसनं नीव्हाच्या हातातलं काडतूस पाहिलं. "हे रिकामं आहे, आई. ही कागदाला भोकं पाडायची खेळणी. थांब, मी दाखवतो."

त्यानं आपली जोरदार काडतुसं भरली. तीन गोळ्या मारल्या, एक ताटलीत लागली. चौथ्यांदा चाप हलेना. काडतुसांचं चक्र अडकलं होतं.

"तोंड दरडीकडेच धर," ऑर्व्हल शांतपणे म्हणाला. त्यानं रिव्हॉल्वर घेतलं, जरा खटपट करून उघडलं. उरलेल्या काडतुसांपैकी एकातली गोळी नळकांड्यातून पुढं सरकून बाहेर आली होती.

"इतक्या हलक्या बंदुकीला एवढा दणका बसला की ती मागं झटकते, आणि थांबलेल्या गोळ्या जागच्या हलतात. हे खुराड्यापाशी झालं असतं, पोरा, तिच्या हातात?"

कर्टिसनं उरलेली काडतुसं काढून घेतली आणि रिव्हॉल्वर आईकडे दिलं.

नीव्हानं आपली पाच काडतुसं एकेक करून, वेळ घेऊन भरली. पहिली मारली. ताटलीत स्वच्छ गोल भोक पडलं. मग दुसरं. तिसरं काठाला, पण आत. चौथ्याला तिनं बराच वेळ घेतला. ऑर्व्हल ताटलीकडे न पाहता तिच्या मनगटाकडे पाहत होता. ते हललं नाही.

चौथं भोक पडलं आणि तिनं बंदूक खाली केली.

"पाचवी?" कर्टिसनं विचारलं.

"ती कुत्र्यांसाठी. तुझ्याशी चारच ठरल्या होत्या."

कर्टिस ताटली काढून आणायला गेला. येताना उजवा तळवा झटकत होता. ऑर्व्हलनं म्हटलं, दे हात. आणि त्याच्या अंगठ्याखाली दाबलं. कर्टिस कळवळला. मग ओशाळं हसला. बायकोसाठी ह्यातलाच एक खोका मिळेल का, असं त्यानं हळूच विचारलं. ताटली घडी न घालता त्यानं गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली.

तो गेल्यावर ऑर्व्हलनं खिशातून नवा खोका काढला. "घे. आता खाली खेपा घालायला नकोत."

नीव्हानं खोका हातात घेतला. वजन पाहिलं. मग त्याच्या कोटाच्या खिशात परत घातला आणि वरून खिसा थोपटला.

"तुझ्यापाशीच राहू दे," ती म्हणाली. "गुरुवारी पाच घेईन."