माझ्या पेशी

लेकीच्या रक्ताच्या आजारावर तिला मूळ पेशी (स्टेम सेल) दिल्या त्या मी. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या रक्तातून काढून त्या नऊ वर्षांच्या पोरीला चढवल्या, आणि त्या दिवशी फुगलेली माझी छाती काही उतरेना. भूमला घरी परतल्यावर येईल त्याला मी सांगत सुटलो, "आता तिच्या अंगात माझ्या पेशी आहेत."

"कवाची पेशी?" वडिलांनी विचारलं. जमिनीच्या दाव्यापायी त्यांचा जन्म कोर्टाच्या खेपा घालण्यात गेलेला. त्यांच्या लेखी पेशी म्हणजे तारीख. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. चारचौघांत त्यांना शरीरातल्या पेशी समजावून सांगितल्या. ते ऐकून म्हणाले, "मग तुझ्या ह्या पेशी रोगाला वळखत्यात का?"

प्रश्न बिनचूक होता. नव्या पेशी जुने विषाणू विसरलेल्या असतात, बाळपणीच्या लशीसुद्धा पुन्हा द्याव्या लागतात, असंच डॉक्टर म्हणाले होते. त्यात गोळ्यांनी त्यांना दाबून ठेवलेलं. साधी सर्दी फुफ्फुसात उतरली तर पोरीच्या जिवावर बेतणार होतं.

मग मी तिच्या खोलीच्या दारात सुतळी बांधली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला आलेला माणूस डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय उठत नाही. मी सगळ्यांना अंगणातच बसवलं. सख्खी आत्या खोकली म्हणून तिला चहाही न विचारता वाटेला लावलं. ईट गावातल्या माझ्या शाळेला जायला एसटी सोडून मोटारसायकल धरली. "एसटीत माणसं श्वास घेतात," असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "तुम्ही पण घेता की."

अशात शाळेत 'सर्दी-खोकल्यापासून बचाव' यावर बोलायची संधी आली. मास्कमधून माईकवर आवाज घोगरा येत होता. मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि अर्धा तास तोंडाचा पट्टा चालवला. पुढच्या रांगेतली पोरं नाक ओढत ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी माझं नाक गळायला लागलं. "तुरीची धूळ," मी घरात जाहीर केलं. एवढे नियम केलेल्या माणसाला सर्दी कशी होईल? त्याच संध्याकाळी सुतळी ओलांडून मी लेकीशी कॅरम खेळलो. मास्क होता, पण शिंका आल्या की तो ओला व्हायचा, म्हणून काढून ठेवला.

दोन दिवसांनी तिला ताप चढला. बायको आणि मेव्हणा तिला गाडीत घालून पुण्याला निघाले. मी मागं बसायला गेलो तर बायकोनं आतून दार ओढून घेतलं. "तुम्ही सुतळीच्या बाहेर," एवढंच म्हणाली.

पुण्यात लेकीच्या नाकातल्या नमुन्यात सर्दीचा विषाणू सापडला. तो छातीत उतरायला लागला होता. मला स्वतःची किळस आली. पेशी मीच दिल्या आणि त्यांच्यावर विषाणूही मीच सोडला. वडील शेजारी येऊन बसले. "म्हंजी आता तुझ्या पेशींची पेशी हाय म्हण की," ते म्हणाले. या वेळी मी त्यांना काही समजावलं नाही.

चौथ्या दिवशी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. रक्तातल्या पेशी वाढत होत्या, विषाणूशी झुंजत होत्या. ऑक्सिजन काढला होता. तिनं फोन लेकीसमोर धरला. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

"धूळ नव्हती गं बाळा," मी म्हणालो. "सर्दी होती. माझीच तुला लागली."

"मला ठाऊक होतं, पप्पा. कॅरम खेळतानाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही उठून गेला असता."