कोकरांच्या वाडग्याला घाणेरीचं कुंपण

पत्रक मी स्वतः लिहिलं होतं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘लॉनला टँकर, माणसाला घागर!’ दोन हजार सालानंतर पावसानं लागोपाठ दगा दिलेली ती वर्षं. खुटबाव-भांडगावच्या मधल्या आमच्या वस्तीवर बाया हापशाला रांग लावून उभ्या असायच्या, आणि तिकडं तालुक्यातल्या एका कचेरीपुढं हिरवळीवर टँकर रिकामा व्हायचा. मी तेव्हा बाविशीची. संताप येत होता आणि तो लिहिता येत होता. एवढ्या भांडवलावर माणूस स्वतःला शहाणं समजायला लागतं.

नुसती टीका करू नये, पर्यायही द्यावा, असं आम्हा कार्यकर्त्यांना संघटनेच्या शिबिरात शिकवलेलं. म्हणून पत्रकाच्या मागच्या बाजूला मी पर्याय दिला: घाणेरी. ओढ्याकडेची पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी तोडा, आषाढात वीतभर अंतरावर खोचा, पहिले पंधरा दिवस भांडी धुतलेलं पाणी टाका, मग विसरून जा. खत नको, राखण नको, शेरडं तोंड लावत नाहीत. फुलं मात्र बाराही महिने, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी. ‘पाणी न पिणारी बाग’ असं मी तिला नाव दिलं. शिरूरच्या छापखान्यात पत्रकं छापली, एसटीनं दौंडात आणली आणि काड्यांचे भारे घेऊन शाळांमधून, देवळांच्या आवारांतून हिंडले. आमच्या घराभोवतीची घाणेरी दुसऱ्या वर्षी छातीला लागली. फुलपाखरांनी भरून जायची. येणारा-जाणारा थांबून बघायचा, आणि मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

आमच्या घराण्यात पूर्वी सगळेच मेंढपाळ. आता सगळे ऊस, कांदा नाहीतर कंपनी. मेंढरं राखली होती एकट्या आप्पांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी. त्यांचा मुलगा कंपनीत होता आणि रोज कामावरून आला की एकच लावून धरायचा, कळप विका. आप्पांनी त्याला शेवटी सांगून टाकलं होतं, “औंदाची कोकरं जगून हाताला लागली तर कळप ऱ्हाईल. न्हाई लागली तर तू म्हंशील तसं.” त्या वर्षी अठ्ठावीस कोकरं झाली. आप्पांचं सगळं आयुष्य त्या अठ्ठावीस शेपट्यांना बांधलेलं होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मेंढ्या चरायला गेल्या की कोकरं मागं वाडग्यात ठेवतात. वाडगा म्हणजे काट्याकुट्यांचं गोल कुंपण. त्या साली बाभळीचा काटा मिळेना. होता तो सगळा चुलीत गेलेला. आप्पा आमच्या दारात आले, घाणेरीकडं बघत उभे राहिले.

“तुझ्या त्या कागदात ल्हिवलंय, शेरडं तोंड लावत न्हाईत. खरंय का?”

“व्हय आप्पा. वाचून दावू?”

“वाचून काय करू? मेंढरं तरी कवा वाचत्यात?” मग म्हणाले, “मोठ्या जनावराला कळतं. कोकराचं काय?”

“जनावराची जात हाय आप्पा, वासानंच कळतं त्यांना.”

मी हे इतक्या ठामपणानं बोलले की त्यांनी मान हलवली. विळा मीच घेतला. दोन दिवस छाटत होते. हाताचा तो उग्र वास जाता जाईना. वाडगा सुरेख झाला. फुलांसकट.

चूक कुठं झाली ते नीट सांगते, कारण ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. कोकरू महिन्या-दीड महिन्याचं झालं की त्याला पाला खायला शिकवायचं असतं. त्यासाठी वाडग्याच्या कुंपणाला आतून बोरीचा, शेवरीचा डहाळा बांधतात. कोकरं चुळबुळ करत येतात, ओढतात, खातात. म्हणजे कुंपणाला लोंबतं ते खायचं असतं, हेच त्यांचं पहिलं शिक्षण. आप्पा रोज सकाळी डहाळा बांधून जात होते. दुपारपर्यंत तो संपायचा. कुंपण तिथंच असायचं, आणि अर्धवट सुकलेल्या घाणेरीचा वास मेलेला असायचा. हे आप्पांनाही सुचलं नाही, मलाही नाही. त्यांना माझ्या कागदानं गप्प केलं होतं.

पाचव्या दिवशी चुलती ओरडत आली, “अगं, कोकरं सावलीत तोंडं खुपसून बसल्यात. कान बघ कसे सुजल्यात!”

नऊ कोकरं. नाकाची कातडी तडकलेली, डोळे पिवळे, ऊन लागलं की तडफड. शेजारची म्हणाली, दृष्ट लागली. मीही तोंड वर करून म्हणाले, ऊन लागलं असेल. आप्पांनी एकाचा जबडा उघडला, दाताला चिकटलेला हिरवा चोथा बोटावर घेतला, वास घेतला आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं.

मोटारसायकलवर बसून मी यवतहून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी कोकरू बघण्याआधी वाडगा बघितला.

“ही अक्कल कुणाची?”

“माझी,” मी म्हणाले.

“मग आता तुम्हीच राबा. घाणेरीचं विष अंगात गेलं की ऊन सोसत नाही; अंधारात ठेवा, उन्हाचा कवडसासुद्धा नको. कोळशाची पूड पाण्यातून पाजा. हे कुंपण आत्ताच्या आत्ता हलवा.”

सहा दिवस मी आप्पांच्या कोठीत होते. खिडकीला पोती लावलेली, आत मुताचा आणि कोळशाचा वास. मांडीवर एकेक कोकरू घ्यायचं, बाटलीनं काळं पाणी थेंबथेंब सोडायचं. चुलतभाऊ कामावरून आला की दारात उभा राहायचा. “आता पत्रक काढ की, ‘विना पाण्याची बाग, विना कोकराचा वाडगा’.” घोषणा चांगली होती, हेही खटकलं.

चार गेली. पाच वाचली.

भाऊ म्हणाला, “आप्पा, बोलल्याप्रमाणं आता व्यापारी बोलवू?”

आप्पा उंबऱ्यावर तंबाखू मळत होते. “चोवीस हायती. चोवीस म्हंजी हाताला लागली न्हाईत व्हय रं?” मग माझ्याकडं वळले. “आन् तू. फुलंच पाह्यजे व्हती तर माळावरची तरवड काय मेली व्हती? तिला बी शेरडू शिवत न्हाई, तिला बी पाणी लागत न्हाई.”

तरवड! लहानपणापासून तिच्या पिवळ्या फुलांतून शाळेला गेले मी. पण ती आमच्या माळाची, म्हणून तिची बाग होऊ शकते असं कधी वाटलंच नाही. कचेरीतल्या साहेबांना हिरवळ दिसते आणि माळ दिसत नाही, म्हणून मी त्यांच्यावर पानभर लिहिलं होतं. मला तरी कुठं दिसला होता?

घरची घाणेरी मी मुळासकट खणली. नुसती छाटून भागत नाही, दुप्पट फुटते. मग ज्या ज्या गावात काड्या दिल्या होत्या तिथं गेले. कासुर्डीत एका मावशीनं झाडापुढं हात पसरले, “आता कुठं फुललीया. लाव म्हनलीस तवा लावली, उपट म्हनतीस तवा उपटू? आमी काय तुझ्या पत्रकाच्या बाहुल्या हाय का?” बरोबर होतं तिचं. मी तिला कोकरांचं सगळं सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, “खोरं आत हाय. खण तूच.” मी खणलं. दुसरं पत्रक काढलं, त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं, आधीचं सांगणं चुकीचं होतं आणि ते माझं होतं. सोबतच्या कार्यकर्त्यांना ते आवडलं नाही. म्हणे, आपली विश्वासार्हता जाते. मी म्हणते, चार कोकरांच्या जिवापेक्षा तुमची विश्वासार्हता मोठी का? आज हायवेच्या रोपवाटिकांत हीच घाणेरी छान कुंड्यांत दिसते, ‘कमी पाण्यात भरपूर फुलं’ अशी पाटी लावून. मी उतरते आणि भांडते.

गायरानातली घाणेरी मात्र अजून संपत नाही. बुलबुल काळी फळं खाऊन बाभळीवर बसतात आणि खाली रोपं उगवतात. आप्पांनी सांगितलं तशी मी कळपाच्या पुढं चालते, कुदळ घेऊन. ते मागं, मेंढरांबरोबर. त्या वाचलेल्या पाच कोकरांच्या लेकी-नाती आता कळपात आहेत; मी वाकले की माझ्या पाठीवरूनच पुढं घुसतात.

“सरक की जरा,” आप्पा मागून ओरडतात, “चरायचंय त्यांना!”

“मूळ निघू द्या आधी!”

“मग लवकर वढ!”