अंतर : एक हाक

शेजारच्या टेबलावरच्या काकांइतका मीटरचा तिटकारा असलेला नकाशेवाला अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा नसेल. रत्नागिरीतल्या आमच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर नकाशे करायचे आणि वर म्हणायचं, "मीटर कागदावर. दरड आली, मोबाईलची रेंज गेली, की मानूस हाक मारतो." नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपलं स्वतःचं टूल घालता येतं; पायथनमध्ये लिहायचं, टूलबॉक्समध्ये ठेवायचं, मग कोणीही रकाने भरून 'रन' दाबावं. साठीकडे झुकलेल्या काकांनी पायथन शिकून जे टूल लिहिलं, त्यात अंतराच्या रकान्यात मीटर आणि किलोमीटरखाली तिसरा पर्याय होता : 'हाक'. डोंगराखालच्या कुठल्या घराची हाक शेजाऱ्याला ऐकू जाईल, ते हे टूल सांगे. ज्याची हाक कोणालाच पोचत नाही, ते घर लाल.

आता हाक म्हणजे नेमकी किती, हे ठरवायला ते मला खेडजवळच्या एका सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावर, घेऊन गेले. त्यांनी एका टोकाला उभं राहून ओरडायचं, मी जीपीएस घेऊन लांब लांब जायचं आणि ऐकू येईनासं झालं की रुमाल हलवायचा. ऐकूच आलं नाही तर तुम्ही ओरडलात हे मला कळणार कसं, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तिसऱ्या हाकेला खालच्या वाडीतले चौघे कोयते घेऊन धावत वर आले. काका खूश! "बघ, खालती जास्त पोचते," म्हणत त्यांनी टूलमध्ये चढाची हाक आणि उताराची हाक वेगळी केली. टूल बोलायचंही त्यांच्याच तोंडाने. रकाना रिकामा राहिला की साध्या एररऐवजी यायचं, "भरलंस काय? मग दाबतोस कनाला?" एकदा ते साहेबांनाच विचारलं गेलं. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

एका बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. बंद घर शेजारी म्हणून धरायचं नाही. मुंबईला गेलेल्यांची घरं यादीत आहेत तर असू द्या की, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "कुलूप ऐकत नाय रे." गावोगाव फोन करून त्यांनी एकेक कुलूप यादीतून काढलं.

मंडणगडच्या नकाशावर टूल चालवलं तेव्हा मी शेजारीच होतो. एका डोंगराखाली एकच लाल ठिपका आला. टूल चुकलं असेल म्हणून काकांनी पुन्हा चालवलं, मग हाक दुप्पट करून चालवलं. ठिपका लालच. ते घर त्यांचं होतं. तिथे त्यांची आई एकटी राहायची. "शेजारचे मुंबयला गेले, ता मला म्हायत होता," एवढंच ते म्हणाले. तिथल्या तिथे आईला फोन लावून रत्नागिरीला चल म्हणाले. म्हातारीचा आवाज मलाही ऐकू आला, "मी कनाला येव? गुरांकडं कोन बघल? तूच ये."

निवृत्तीला दोन वर्षं असताना काकांनी राजीनामा दिला आणि ते आईकडे राहायला गेले. यंदा आम्ही त्यांचं टूल पुन्हा चालवलं. ते घरं बघतं, घरातली माणसं बघत नाही, त्यामुळे ठिपका लालच आला. साहेब म्हणाले, आता तिथे काका आहेत, काढून टाका. मी काढला नाही. आईने हाक मारली तर ऐकायला काका आहेत. काकांनी मारली तर कोण ऐकणार, याची मला फार काळजी वाटते.