अप्पांच्या गाडीचे तेल

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला उशीर झाला, त्याला कारण इंजिन ऑइल.

अप्पा गेल्यावर त्यांची मोटारसायकल माझ्या वाट्याला आली. (शेत धाकटा भाऊ सेतू सांभाळतो. ते मला दिले असते तर एव्हाना तिथे नुसते गवत असते.) पापनाशमजवळच्या आमच्या गावातून तंजावुरापर्यंत अप्पांनी ती गाडी वर्षानुवर्षे चालवली, आणि तिच्यात घातले ते पापनाशमच्या खताच्या दुकानात मिळणारे कुठले तरी तेल. डब्यावर मोटारसायकलचे चित्र असे, कंपनीचे नाव दरवेळी निराळे. त्यावरून मी त्यांना पुष्कळ ऐकवले होते. तंजावुरात शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला वडिलांना ऐकवायचा हक्क आपोआप मिळतो, असा माझा समज होता.

श्राद्ध गावच्या घरी, आमच्या मराठी पद्धतीने आणि दुपारच्या वेळेतच व्हावे, एवढीच आईची इच्छा होती. ती पद्धत जाणणारे शास्त्रीमामा तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत राहतात. त्यांना घेऊन यायचे काम माझ्याकडे होते. बसने या, असे आईने फोनवर तीनदा बजावले. मी म्हटले, अप्पांच्या श्राद्धाला शास्त्रीमामा अप्पांच्याच गाडीवरून येतील.

खरे सांगायचे तर जिवंतपणी अप्पांना मी धड एक शर्टही घेतला नव्हता, आणि वर्षभर ते मनात खुपत होते. म्हणून आठवडाभर आधी मी दुकानातले सगळ्यात भारी, परदेशी, सोनेरी डब्यातले तेल आणून स्वतःच्या हाताने गाडीत घातले. डब्यावर चारचाकीचे चित्र होते. जे चार चाकांना चालते ते दोन चाकांना जास्तच चालेल, हे गणित मला पटले होते. सेतूला अभिमानाने सांगितले तर तो म्हणाला, "अण्णा, नाव कोणतंही असू दे. पण बाइकचंच तेल आहे ना?" त्यावर मी त्याला ब्रँड म्हणजे काय ते दहा मिनिटे समजावले. तो "सेरि, बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मागे शास्त्रीमामा, त्यांच्या मांडीवर तांब्याच्या भांड्यांची पिशवी आणि दर्भाची जुडी. गाडी इतकी गुपचूप चालत होती की मी दोनदा मागे वळून "बघा" म्हणालो. आमच्याकडची जमीन ताटासारखी सपाट आहे. चढ म्हणजे काय हे फक्त पुलावर चढताना कळते. आणि कावेरीच्या कृपेने आमच्या वाटेवर पुलांना तोटा नाही.

पहिल्या पुलावर मी गाडीला जोर दिला. इंजिन ओरडले, गाडी मात्र हळू झाली, थांबली आणि सावकाश मागे सरकू लागली. शास्त्रीमामा उतरून चालत वर गेले. दुसऱ्या पुलावर दोघेही चाललो. तिसऱ्या पुलावर शास्त्रीमामा नेसूची वेष्टी वर खोचून मागून गाडी ढकलत होते. तेवढ्यात एक गावबस आमच्याशेजारी थांबली आणि कंडक्टरने चढता का म्हणून विचारले. (मी नको म्हणालो. आता पूल संपले, असे मी म्हणालो.)

चौथ्या पुलावर शास्त्रीमामा कठड्यावर बसले. ते स्वतः बाइकवरूनच गावोगाव श्राद्धे करत हिंडतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

"राघू, कोठलं तेल घातलास?"

मी नाव सांगितले.

"कारचं?"

"सगळ्यात चांगलं आहे, मामा."

"ह्या गाडीचा क्लच तेलातच बुडून असतो. कारच्या तेलात निसरडं करायचं औषध घालतात. मग क्लच पकडणार कसा? तू शाळेत शिकवतोस काय?"

"घर्षण," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ पाहिले आणि ते उठून पुन्हा ढकलायला लागले.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. शास्त्रीमामांनी विहिरीवर अंघोळ उरकली आणि मंत्र अशा वेगाने म्हटले की श्राद्ध कसेबसे वेळेत बसले.

मग परसातल्या भिंतीवर पिंड ठेवला. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचे नाही, आणि आई सकाळपासून पाण्यावर होती. माडावर पाच-सहा कावळे बसले होते. ते पिंडाकडे बघत होते, पण एकही उतरत नव्हता. बराच वेळ गेला.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," शास्त्रीमामा म्हणाले. "अस्की जणं बोला, एकेक करून."

कालव्याकाठचा माड तोडणार नाही, असे सेतूने हात जोडून सांगितले. कावळे हलले नाहीत. रक्तदाबाची गोळी रोज घेईन, असे आई म्हणाली. एक कावळा उठला आणि पलीकडच्या झावळीवर जाऊन बसला. दर महिन्याला घरी येईन, असे मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाठ केली.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. आई भुकेने परसदाराच्या पायरीवर टेकली होती. ते पाहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी भिंतीपाशी गेलो.

"अप्पा, चुकलो. ते तेल उद्याच काढतो. तुमचंच घालतो, पापनाशमचं."

कावळा उतरला. नुसता शिवून गेला नाही, बसून जेवला. त्यानंतर आई जेवली.

तेव्हापासून शाळेत कोणी विचारले, इंजिन ऑइलच्या ब्रँडने खरेच काही फरक पडतो का, तर मी भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून पूर्ण जबाबदारीने सांगतो: ब्रँड कोणताही चालेल, पण प्रकार चुकला तर कावळा शिवत नाही.