पंधरा ऑगस्टचा फळा

माझे वडील कोल्हापुरातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. शाळेच्या दारातल्या फळ्यावर ते रोज सकाळी 'आजचा दिनविशेष' लिहीत. कोणत्या गडावर कधी निशाण चढलं, कोणता तह कधी मोडला, सगळं तोंडपाठ. घरातलं मीठ संपलंय, हे मात्र त्यांना चारदा सांगावं लागे.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला माझी थोरली बहीण घटसर्पानं गेली. आमचं संस्थान तेव्हा अजून संस्थानच होतं, पण पेठेत पताका लागल्या होत्या. सकाळी तिचा घसा आवळत आला, तसं आईनं वडिलांना डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टर झेंडावंदनाला गेलेले. वडील मैदानावर पोहोचले तेव्हा झेंडा वर चढत होता आणि डॉक्टर पुढच्या रांगेत, हाकेच्या अंतरावर उभे होते. वडिलांनी हाक मारली नाही. तेही सावधान उभे राहिले. मग गाणं झालं, भाषणं झाली. डॉक्टरांना घेऊन ते घरी आले, तेव्हा आई बहिणीचे डोळे मिटत होती.

हे सगळं वडिलांनीच नंतर सांगितलं. लवकर आलो असतो तरी सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण आईचं दुखणं ते नव्हतंच. बापाच्या तोंडून हाक कशी फुटली नाही, एवढंच तिला कळत नव्हतं. मलाही नाही.

आमच्याकडं गेलेल्या माणसाची आठवण तिथीनं निघते. तिथी पुढंमागं सरकते, माणूसही हळूहळू मनातून सरकतं. ही तारीख मात्र सगळा गाव आम्हाला विसरू देत नव्हता. वडील रंगीत खडूंनी फळा सजवायचे. शेजारीण पेढे आणून द्यायची. आई ते हसून घ्यायची आणि शेजारीण वळली की म्हशीपुढं टाकायची. मग रात्रीपर्यंत वडिलांशी भांडायची, आणि ते मान खाली घालून ऐकत बसायचे. त्या खाली घातलेल्या मानेचा मला संताप यायचा. अजून येतो.

मी सातवीत असताना, पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर झेंडा वर जात होता आणि आई रांगांमधून सरळ चालत आली. पायात चप्पल नव्हती.

"अहो, धाकट्याचा घसा धरलाय! चला की घरी!"

सगळ्या मैदानानं ऐकलं. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला, पण पाय हलले नाहीत. मी रांग मोडून घराकडं पळत सुटले. उंबऱ्यावर माझा धाकटा भाऊ भाकरीचा तुकडा चघळत बसला होता. त्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

राष्ट्रगीत झालं असेल, मुख्याध्यापकांचं भाषण झालं असेल. त्यानंतर वडील आले, डॉक्टरांना घेऊन, धापा टाकत. त्यांनी भावाकडं बघितलं, मग माझ्यामागून घरी आलेल्या आईकडं.

"अगं, हे काय?"

"काय न्हाय. तवा जमलं न्हाय, आता तरी जमतंय का, बघायचं हुतं."

त्यानंतर आई त्यांच्याशी कधी भांडली नाही. वेळेवर वाढलं, सदरे धुतले, आणि पुढच्या वर्षी रंगीत खडू संपल्याची आठवणही तिनंच केली. सगळे म्हणाले, बाई शांत झाली. भांडत होती तोवर तिला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं.