पाहुण्यांच्या हातची बाटली

नातीचं नाव ठेवायचं होतं. लाखनीला, माझ्या मुलीच्या सासरी. नात दिवस भरायच्या आधीच आली होती आणि बरेच दिवस भंडाऱ्याला काचेच्या पेटीत राहिली होती. मुलीला दूध पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पावडर लिहून दिली होती.

सासरच्यांनी एका पुढाऱ्यांना बोलावलं होतं. नाव त्यांनी जाहीर करायचं आणि फोटोसाठी बाटलीही त्यांनीच पाजायची. कापायला घरात फीत नव्हती. समारंभातून सुनेला उठावं लागू नये म्हणून विहीणबाईंनी सकाळीच दूध कालवून थर्मासमध्ये भरून ठेवलं. पुढारी आपल्या दर्जाला शोभेल इतक्या उशिरा आले. कारध्याच्या पुलावर ट्रक आडवा झाला होता म्हणे. मी त्याच पुलावरून वेळेत आलो होतो.

हार घालून झाले. विहीणबाईंनी थर्मासमधलं दूध बाटलीत ओतून पुढे केलं. मुलगी उठली, बाटली घेतली आणि मोरीत रिकामी केली.

"अवो माय! काहून ओतून देलं? चांगलं गरम होतं न!" विहीणबाई म्हणाल्या.

"गरम नाही आई, कोमट. डबा सीलबंद असला तरी पावडरीत जंतू असू शकतात. कोमट दुधात ते वाढत जातात. आपल्याले काही होत नाही. पण हिच्या रक्तात गेले, मेंदूपर्यंत गेले, तर? मी ताजं बनवते."

पुढारी हसले. "आम्ही तर तलावाचं पाणी पिऊन मोठे झालो, पोरी."

"मंग आताही प्या न भाऊ घोटभर," चुलतसासू मागून म्हणाली. "चहाले वेळ आहे."

नात रडत होती, तरी मुलीनं घाई केली नाही. पाणी उकळलं. ते फार निवू न देता, जंतू मरतील इतकं गरम असतानाच पावडर घातली. मग बाटली थंड पाण्यात धरली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. तोवर हारासकट पुढारी बसून होते. अखेर त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केले.

"आधी हात धुऊन या, भाऊ. साबण तिथंच आहे."

ते गेले. खरंच गेले, आणि ओले हात हवेत धरून परत आले.

जेवताना विहीणबाई माझ्या पानात वाढता वाढता म्हणाल्या, "लय कडक पोरगी आहे जी तुमची."

अशा वाक्यावर मुलीच्या बापानं हात जोडायचे असतात. मी "हो जी" म्हणालो आणि आणखी एक लाडू मागून घेतला.