पावाच्या गाडीतली शेजारची सीट

बेकरीत त्याला सगळे सारथी म्हणत. सकाळी भट्टीतले गरम पाव गाडीत भरले की काचांवर वाफ धरायची आणि सगळा रस्ता झोपेत चालत असल्यासारखा दिसायचा. शेजारच्या सीटवर त्याची लेक बसायची, काचेवर बोटाने घोडे काढत. वाटेत शाळेपाशी तिला सोडायचं आणि मग दुकानोदुकानी पाव पोचवायचे, असा त्याचा नेम होता. त्या वाटेएवढं सुख त्याला दुसऱ्या कशात नव्हतं.

एका संध्याकाळी मेहुणा बाटली घेऊन आला. सारथी काही रोजचा पिणारा नव्हे, पण मेहुण्याला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. मग एकावर एक पेग होत गेले. सकाळी गार पाण्याने अंघोळ, दोन कप कडक चहा, आणि स्वारी ताजीतवानी झाली. निदान स्वारीला तसं वाटलं.

पुलाजवळ पोलिसांनी अडवून यंत्रात फुंकायला लावलं. यंत्र किंचाळलं.

"साहेब, ती कालची आहे."

"यंत्राला काल-आज कळत नाही. रक्तात किती आहे, तेवढंच कळतं."

गाडी तिथेच अडकवली. लेक दप्तर सावरत एकटीच पूल ओलांडून गेली.

कोर्टात मॅजिस्ट्रेटबाईंनी दंड ठोठावला, सहा महिने लायसन्स निलंबित केलं आणि पुन्हा सापडलात तर थेट तुरुंग, असं बजावलं. यात मेहुण्याला बोल लावण्यात काय अर्थ? स्टिअरिंग काही मेहुण्याने धरलं नव्हतं. मालक भला, म्हणून नोकरी राहिली. सारथी पाव पाकिटात भरू लागला आणि लेक बसने जाऊ लागली.

दुपारी डोळा लागला की मात्र तो गाडी चालवायचा. पाय गादीवर क्लच शोधायचा.

"आज कुठल्या गावाला निघालात?" बायको हसून विचारायची.

स्वप्नात काचांवर वाफ असायची, शेजारी लेक गुणगुणत असायची, गाडी हलकेच तरंगत जायची आणि ब्रेक काही केल्या सापडायचा नाही.

लायसन्स परत मिळालं. मालकाने हातावर चावी ठेवली. त्याच सकाळी त्याने बसथांब्यावर गाडी उभी केली आणि शेजारचं दार उघडलं.

"चल, सोडतो."

लेक जागची हलली नाही.

"अगं, तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. एकदम ठीक आहे मी."

"बाबा, त्या दिवशीही तुला ठीकच वाटत होतं."

आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. बस आली, ती चढली, आणि खिडकीतून तिने हात हलवला. त्यानेही हलवला.

पहिलं दुकान उलट्या दिशेला होतं. तरी त्याने गाडी बसच्या मागे घातली. मागचे हॉर्न वाजवत राहिले, पण त्याने बसला ओव्हरटेक केलं नाही. शाळेपाशी ती उतरली आणि फाटकातून आत दिसेनाशी झाली, तोवर तो थांबला. मग गाडी वळवून पाव पोचवायला गेला.